पाणबुड्याचें घड्याळ आणि त्याची अनुकृति

मनगटावरचें घड्याळ काढून ठेवल्याशिवाय नळाखालीं हात धरूं नये, अशी ताकीद एके काळीं घराघरांतील वडील मंडळी मुलांना देत असत. आणि ती ताकीद अस्थानीं नव्हती. चावीच्या दांडीलगतच्या बारीक फटींतून शिरलेला पाण्याचा एक थेंबहि आंतील पोलादी आंसांना व कमानीला गंज चढविण्यास पुरेसा होई. आज मात्र ज्याला गुडघाभर पाण्यांतहि उतरण्याचा प्रसंग सहसा येत नाहीं, असा एखादा गृहस्थ दोनशें मीटर खोलीची ग्वाही तबकडीवर मिरविणारें भारदस्त घड्याळ बांधून सकाळच्या आगगाडीनें कचेरीस जातांना दिसतो. काळी तबकडी, तिच्यावर तासातासाचे ठळक पांढरे ठिपके, भोंवतीं साठ मिनिटांच्या खुणांचें फिरतें कडें आणि पोलादी दुव्यांचा पट्टा, असें त्या घड्याळाचें रूप असतें. हें रूप ज्या स्विस घड्याळामुळें जगप्रसिद्ध झालें, त्याची किंमत आज भारतांत कित्येक लाख रुपये आहे. गृहस्थाच्या मनगटावरचें घड्याळ मात्र आठदहा हजारांचें असतें. शेजारी बसलेला स्नेही कौतुकानें विचारतो, “खरें आहे का हो?” आणि गृहस्थ क्षणभर अडखळतो.

चार शब्दांच्या या प्रश्नाचें प्रामाणिक उत्तर काय द्यावें, हें वाटतें तितकें सोपें नाहीं. घड्याळ खोटें म्हणावें, तर तें वेळ बरोबर दाखवितें आणि त्यावर दुसऱ्या कोणाचें नांव नाहीं. खरें म्हणावें, तर विचारणाऱ्याच्या मनांत जें घड्याळ आहे तें हें नव्हे. या पेंचांतून सुटण्यासाठीं तें रूप मुळांत कोणत्या गरजेपोटीं जन्मास आलें, तें प्रथम पाहिलें पाहिजे.

पाण्यापासून घड्याळाचें रक्षण करण्याची खटपट जुनीच आहे. परंतु तिला व्यापारी यश मिळवून देणाऱ्यांत हॅन्स विल्सडॉर्फ या मूळच्या बव्हेरियन उद्योजकाचें नांव ठळकपणें घ्यावें लागतें. त्यानें १९०५ सालीं लंडनमध्यें व्यवसाय मांडला, १९०८ सालीं ‘रोलेक्स’ हें नांव घेतलें आणि पुढें जिनीव्हा येथें बस्तान बसविलें. १९२६ सालीं त्यानें ‘ऑयस्टर’, म्हणजे कालव, या नांवाची केस बाजारांत आणली. तिचें पाठचें झांकण, काचेभोंवतालचें कडें आणि चावी हीं तिन्ही मळसूत्रानें घट्ट आवळलीं जात. १९२७ च्या ऑक्टोबरांत मर्सिडीज ग्लाइट्झ ही जलतरणपटु इंग्लिश खाडींत दुसऱ्यांदा उतरली, तेव्हां तिच्या गळ्यांत असें एक घड्याळ होतें. थंडीनें गारठल्यामुळें दहा तासांहून अधिक वेळ पोहल्यावर तिला पाण्याबाहेर काढावें लागलें. घड्याळ मात्र चालूच होतें. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत लंडनच्या ‘डेली मेल’ पत्राच्या पहिल्या पानावर या घड्याळाची भली मोठी जाहिरात झळकली.

परंतु पाणी आंत न शिरणें ही एक गोष्ट आणि पाण्याखालीं उपयोगीं पडणें ही दुसरी. ही दुसरी गरज निर्माण झाली ती १९४३ नंतर. त्या वर्षीं झाक कूस्तो आणि एमील गान्यां या दोघां फ्रेंच गृहस्थांनीं ‘अ‍ॅक्वालंग’ नांवाचें साधन सिद्ध केलें. दाबून भरलेल्या हवेची नळकांडी पाठीवर घेऊन, वरच्या नावेशीं कोणत्याहि नळीनें बांधलेलें नसतां, माणूस माशासारखा मोकळा फिरूं लागला. मात्र नळी सुटली त्याबरोबर वरून हवा पुरविणारा आणि वेळ मोजून दोरीला हिसका देणारा सोबतीहि सुटला. किती हवा उरली आणि किती वेळ गेला, याचा हिशेब आतां पाणबुड्यालाच ठेवावा लागे.

हा वेळेचा हिशेब केवळ हवेपुरता नव्हता. समुद्राच्या पाण्यांत दर दहा मीटरांना सुमारें एक वातावरणाइतका दाब वाढतो. वाढत्या दाबाखालीं श्वासावाटे घेतलेल्या हवेंतील नायट्रोजन वायु रक्तांत व शरीराच्या इतर भागांत विरघळूं लागतो. पाणबुड्या दीर्घ काळ खोल राहून एकदम वर आला, तर सोड्याच्या बाटलीचें बूच काढल्यावर जसे बुडबुडे उसळतात तसे ते त्याच्या शरीरांत उसळतात. सांधे असह्य दुखतात, अंग लुळें पडतें, प्रसंगीं मृत्यूहि ओढवतो. जॉन स्कॉट हॉल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञानें १९०८ सालीं आपल्या सहकाऱ्यांसह या संकटावर उपाय सांगणारीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं. किती खोलीवर किती वेळ राहिल्यास किती टप्प्यांनीं वर यावें, हें त्यांत दिलेलें होतें. अमेरिकन आरमाराच्या जुन्या कोष्टकांप्रमाणें ६० फुटांवर ६० मिनिटें राहून वाटेंत न थांबतां वर येतां येई. १०० फुटांवर ही मुदत अवघ्या २५ मिनिटांवर येई. मिनिटांची चूक म्हणजे प्राणाशीं गांठ होती.

या गरजेंतूनच आजचें परिचित रूप घडलें. फ्रेंच सैन्यांतील रोबेर मालूबिए आणि क्लोद रिफो हे दोन अधिकारी आपल्या पाणबुड्या सैनिकांकरितां योग्य घड्याळ शोधीत होते. गढूळ पाण्यांतहि वाचतां येईल अशी काळी तबकडी, मोठे ठळक आंकडे व खुणा, अंधारांत चमकणारे कांटे आणि वेळेची नोंद ठेवणारें बाहेरचें फिरतें कडें, अशा त्यांच्या मागण्या होत्या. योगायोग असा, कीं ‘ब्लांपां’ या स्विस कारखान्याचा प्रमुख झां-झाक फिश्टेर हा स्वतः हौशी पाणबुड्या होता. हवा संपत आल्याचें वेळीं न कळल्यामुळें एकदा तो संकटांतहि सांपडला होता. त्याच्या देखरेखीखालीं १९५३ सालीं ‘फिफ्टी फॅदम्स’ हें घड्याळ निघालें. पन्नास फॅदम म्हणजे सुमारें ९१ मीटर; तेवढ्या खोलीची हमी त्याच्या नांवांतच होती. त्याच १९५३ सालीं रोलेक्सनें १०० मीटर खोलीचें ‘सबमरिनर’ तयार केलें आणि पुढील वर्षीं बाझल येथील प्रदर्शनांत तें लोकांपुढें मांडलें.

फिरत्या कड्याचा उपयोग अत्यंत साधा आहे. पाण्यांत उतरतांना कड्यावरील त्रिकोणाची खूण मिनिटकांट्यासमोर आणावयाची. नंतर मिनिटकांटा कड्यावरील ज्या आंकड्यासमोर दिसेल, तेवढीं मिनिटें गेलीं असें समजावयाचें. खोल पाण्यांत बुद्धि मंदावते. तेथें वजाबाकी करावी लागूं नये, एवढाच हेतु. पहिल्या सबमरिनरचें कडें दोन्ही दिशांनीं फिरत असे. पुढें कडें एकाच, म्हणजे घड्याळाच्या कांट्यांच्या उलट दिशेनें फिरविण्याची रीत रूढ झाली. त्यांतील युक्ति मोठी मार्मिक आहे. खडकाचा धक्का लागून कडें चुकून सरकलेंच, तर गेलेला वेळ प्रत्यक्षापेक्षां जास्त दिसावा, कमी कधींहि दिसूं नये. चूक व्हायचीच असेल, तर ती माणसाला लवकर वर आणणारी असावी.

केसच्या भारदस्तपणालाहि असेंच कारण आहे. २०० मीटर खोलीवर दर चौरस सेंटिमीटरवर सुमारें २० किलोग्रॅम वजनाइतका दाब असतो. घड्याळाच्या काचेचा व्यास तीन सेंटिमीटर धरला, तर एकट्या काचेवर सुमारें १४५ किलोग्रॅम, म्हणजे दोन धडधाकट माणसांच्या वजनाइतका भार पडतो. जाड काच, जाड पोलाद आणि मळसूत्राची मोठी चावी यांत सुरुवातीस मिरविण्याचा भाग नव्हता.

मग हें हत्यार दागिना कसें झालें? १९६२ सालच्या ‘डॉक्टर नो’ या बोलपटांत शॉन कॉनरीच्या मनगटावर सबमरिनर झळकलें आणि साहस, रुबाब व सुबत्ता यांशीं त्याचें नातें जडलें. १९६९ च्या डिसेंबरांत जपानच्या ‘सेको’नें स्फटिकाच्या कंपनांवर चालणारें पहिलें मनगटी घड्याळ विक्रीस आणलें, अचूकपणांत कमानीचीं घड्याळें कायमचीं मागें पडलीं. १९८३ सालीं ‘ऑर्का एज’ हें पाणबुड्याचें गणकयंत्र निघालें. असलीं यंत्रें खोली व वेळ मोजून वर येण्याचा हिशेबहि स्वतःच करूं लागलीं. आज मालवण-तारकर्लीच्या समुद्रांत पर्यटकांना पाण्याखालीं नेणारा शिक्षकहि गणकयंत्रावरच भिस्त ठेवतो. कांट्यांचें घड्याळ असलेंच तर तें राखीव म्हणून. अशा रीतीनें काम संपलें. पण रूप उरलें आणि रूपाची किंमत मात्र चढत गेली.

जेथें रूपाला किंमत आली, तेथें त्याची नक्कल करणारे आलेच. परंतु सगळ्याच नकला एका मापानें मोजणें न्यायाचें नाहीं. पहिला प्रकार शुद्ध बनावटीचा. पदपथावर किंवा पडद्याआड विकल्या जाणाऱ्या अशा घड्याळावर मूळ कारखान्याचें नांव व मुकुटाचें चिन्ह जसेंच्या तसें छापलेलें असतें. ही उघड चोरी होय. भारतांत १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यान्वयें दुसऱ्याचें चिन्ह खोटेपणानें वापरणाऱ्यास कैद व दंड अशा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. दुसरा प्रकार अनुकृतीचा. व्यापारी तिला ‘होमेज’, म्हणजे आदरांजलि, असें गोंडस नांव देतात. हिच्यांत घाट प्रसिद्ध घड्याळाचा, पण तबकडीवर नांव तयार करणाऱ्याचें स्वतःचें. ‘इन्व्हिक्टा’, ‘स्टाइनहार्ट’, चीनमधील ‘पगानी डिझाइन’ आणि ‘सॅन मार्टिन’ यांचीं कांहीं घड्याळें या वर्गांतलीं. तिसरा प्रकार स्वतंत्र रूपाचा. सेकोनें १९६५ सालीं जपानचें पहिलें पाणबुड्याचें घड्याळ काढलें, तें १५० मीटर खोलीचें होतें. आणि त्यापुढें त्या कारखान्यानें या वर्गांत स्वतःची अशी ओळखूं येणारी घडण निर्माण केली.

अनुकृतीला सरसकट नाक मुरडणाऱ्यांनीं एक गोष्ट विसरूं नये. सबमरिनरचें पहिलें स्वस्त भावंड खुद्द विल्सडॉर्फच्याच घरांत जन्मलें. रोलेक्सची विश्वासार्हता राखून, पण कमी किमतींत, घड्याळ देतां यावें म्हणून त्यानें १९४६ सालीं ‘ट्यूडर’ हा वेगळा कारखाना रीतसर उभा केला. १९५४ सालीं ट्यूडरचें सबमरिनर निघालें. केस व चावी रोलेक्सच्या घडणीची. आंतील यंत्र मात्र बाहेरून विकत घेतलेलें. फ्रेंच आरमारानें हीं ट्यूडर घड्याळें आपल्या पाणबुड्यांना दिलीं. ज्यांच्या जिवाचा प्रश्न होता त्यांना स्वस्त भावंड चाललें. त्यांनीं प्रतिष्ठा पाहिली नाहीं, काम पाहिलें. भारतांतहि बंगळूरच्या ‘एच. एम. टी.’नें जपानच्या ‘सिटिझन’शीं रीतसर करार करून १९६१ पासून घड्याळें बनविलीं. परीक्षेंत पास झालेल्या मुलाला किंवा नव्या जांवयाला तीं अभिमानानें दिलीं गेलीं. यंत्रविद्या उसनी होती, म्हणून तीं घड्याळें कोणी खोटीं म्हटलीं नाहींत.

अर्थात् घरांतलें भावंड आणि परक्यानें उचललेला घाट यांत फरक आहे. आणि तो फरक कोठें आहे तें नीट पाहिलें पाहिजे. काळी तबकडी, ठळक खुणा, साठ मिनिटांचें कडें, मळसूत्राची चावी हीं सारीं गरजेचीं अपत्यें आहेत. १९५३ या एकाच वर्षांत निरनिराळ्या कारखान्यांत त्यांनीं जवळजवळ सारखेंच रूप घेतलें, यावरूनच तें दिसून येतें. नावेचा सुकाणू कोणा एका सुताराचा नसतो, तसें हें आहे. परंतु सबमरिनरच्या तासकांट्यावरील तीन आऱ्यांचें वर्तुळ किंवा तारखेवर बसविलेलें भिंग यांना पाण्याखालीं तशी अपरिहार्यता नाहीं. तीं त्या घराण्याचीं ओळखचिन्हें आहेत. रूपावरचा हक्कहि कायदा कायमचा देत नाहीं. भारताच्या २००० सालच्या आकृतिविषयक कायद्यांत नोंदलेल्या आकृतीला प्रथम दहा व पुढें आणखी पांच वर्षें, असें एकूण पंधरा वर्षांचें संरक्षण आहे. त्यानंतर आकृति सर्वांची होते; नांव मात्र मालकाचेंच राहतें. म्हणून कायद्याच्या दृष्टीनें बहुतेक अनुकृती निर्दोष ठरल्या, तरी जी केवळ गरजेची अंगें घेते ती, आणि जी ओळखचिन्हेंहि उचलते ती, यांत सुजाण माणूस भेद करील. पैठणीच्या काठपदराचा नमुना यंत्रमागावर उतरविणें एक. तें लुगडें येवल्याच्या हातमागाचें म्हणून विकणें अगदीं दुसरें.

आतां या स्वस्त घड्याळांत गिऱ्हाइकास काय मिळतें? पुष्कळ अनुकृतींत सेकोच्याच कंपनीचें ‘एन. एच. ३५’ हें यंत्र असतें. हाताच्या हालचालीनें त्याची कमान आपोआप गुंडाळली जाते. त्यांत २४ खडे असतात, तासाला २१,६०० कंपनें होतात आणि पूर्ण चावी दिल्यावर तें सुमारें ४१ तास चालतें. दिवसाला २० सेकंद मागें ते ४० सेकंद पुढें, एवढ्या मर्यादेंत चालण्याची त्याची कबुली आहे. रोलेक्सची कबुली दिवसाला दोन सेकंद मागेंपुढें, एवढीच आहे. हा फरक मोठा दिसतो व कारागिरीच्या दृष्टीनें तो मोठा आहेच. परंतु तासाभराच्या बुडींत ४० सेकंदांच्या हिशेबानेंहि चूक दोन सेकंदांच्या आंतच राहते. पोलाद बहुधा ३१६एल जातीचें, म्हणजे पाण्यांतल्या कामाला पुरेसें. रोलेक्सचें ९०४एल क्षारापुढें अधिक टिकाव धरतें. काच अनेकदां कृत्रिम नीलमण्याची असते. उणें पडतें तें बारीक कामांत. कड्याच्या खुणा तंतोतंत जुळत नाहींत, पट्ट्याच्या कडा टोंचतात, दहा वर्षांनीं सुटा भाग मिळेलच याची शाश्वति नसते. लाखों रुपयांतला बराचसा भाग नांवाचा असला, तरी कांहीं भाग या बारकाव्यांचा व तपासणीचाहि असतो.

आणि खरा धोका तपासणीच्याच ठिकाणीं आहे. घाटाची नक्कल फार तर डोळ्यांना फसविते. खोलीची खोटी ग्वाही प्राणांवर बेतूं शकते. ‘वॉटर रेझिस्टंट’ एवढेंच शब्द असलेलें घड्याळ आणि ‘डायव्हर्स’ हा शब्द असलेलें घड्याळ एक नव्हे. हा दुसरा शब्द आंतरराष्ट्रीय प्रमाण ६४२५ शीं बांधलेला आहे. त्याप्रमाणें घड्याळ निदान १०० मीटर खोलीचें असावें लागतें. नमुन्यादाखल कांहीं घड्याळें न तपासतां प्रत्येक घड्याळ लिहिलेल्या खोलीच्या सव्वापट दाबाखालीं तपासावें लागतें. गडद अंधारांत २५ सेंटिमीटरांवरून वेळ वाचतां आली पाहिजे आणि कडें चुकून सरकूं नये, अशी तजवीज असली पाहिजे. नुसतें ‘३० मीटर’ लिहिलेलें घड्याळ पावसाचे शिंतोडे व हात धुणें एवढ्यापुरतेंच समजावें. पोहण्यासाठीं निदान १०० मीटरांचें असावें. शिवाय हमी कितीहि मोठी असली तरी ती आंतील रबरी वर्तुळांवर अवलंबून असते, आणि रबर वयानें कडक होतें. कढत पाण्याच्या स्नानानें व साबणानें तें लवकर बिघडतें. चावी पूर्ण आवळलेली नसेल, तर दोनशें मीटरांचें घड्याळहि बादलींत बुडतें. म्हणून ज्यास घड्याळ खरोखर समुद्रांत न्यावयाचें आहे, त्यानें तें महाग असो वा स्वस्त, प्रथम दाबयंत्रावर तपासून घ्यावें. आणि बुडींत आपल्या जिवाचा हिशेब एकट्या त्याच्यावर सोंपवूं नये.

म्हणजे ‘खरें’ या शब्दाचे येथें दोन अर्थ आहेत, हें आतां दिसून येईल. एक अर्थ नांवाचा, दुसरा वचनाचा. नांव सोनूबाई आणि हातीं कथलाचा वाळा, ही म्हण बनावट घड्याळाला तंतोतंत लागू पडते. कारण त्याचें नांवहि खोटें व बहुधा वचनहि खोटें. चांगल्या अनुकृतीचें तसें नाहीं. तिचें नांव साधें, तिचें वचन माफक. आणि तें वचन ती पाळीत असेल तर तिला खोटें म्हणण्याचें कारण नाहीं. मात्र तिचें खरेपण घड्याळापुरतेंच आहे, बांधणाऱ्याचें खरेपण त्याचें त्यानेंच राखावयाचें असतें. मनगट दिसावें म्हणून बाही वर सारून लोकांच्या गैरसमजावर खुशाल जगणारा मनुष्य, घड्याळावर दुसऱ्याचें नांव नसतांहि, बनावटीचाच धंदा करीत असतो. उलट, ज्याला त्या घडणीमागची युक्ति आवडली, उलट्या दिशेनें फिरणाऱ्या कड्यांतील शहाणपण ज्याला उमगलें आणि लाखों रुपये देणें ज्याला परवडत नाहीं किंवा योग्य वाटत नाहीं, त्यानें आपल्या ऐपतीचें घड्याळ बांधण्यांत संकोच कसला?

तेव्हां आगगाडींतील त्या गृहस्थानें अडखळण्याचें कारण नाहीं. स्नेह्यानें विचारलें, तर मनगट पुढें करून त्यानें तबकडीवरचें साधें नांव दाखवावें आणि सांगावें, “तें नव्हे; त्याच्या घाटावर केलेलें आहे. पण वेळ बरोबर दाखवितें.” पुढचें स्टेशन येईपर्यंत वेळ असला, तर कड्यावरचा त्रिकोण मिनिटकांट्यासमोर आणून तें कशासाठीं फिरतें, हेंहि त्यानें समजावून द्यावें. लाखोंचें घड्याळ बांधणाऱ्या पुष्कळांना तें ठाऊक नसतें.